गावातल्या दोन पुरुषांची न बोललेली लव्हस्टोरी, कमी पैशात: स्क्रिप्टपासून सेन्सॉरपर्यंत सगळं

रोहन कानवडेच्या 'साबर बोंडं' या मराठी फिल्मला २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला वर्ल्ड सिनेमा ड्रामॅटिक विभागातलं ग्रँड ज्युरी प्राइज मिळालं आणि तेव्हापासून एकांकिकावाल्या, शॉर्टफिल्मवाल्या पोरांचे मला मेसेज सुरू झाले की आमच्याकडेपण अशी गोष्ट आहे, गाव आहे, कॅमेरा मित्राचा आहे, पुढे काय करू. त्या फिल्ममध्ये वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा आहे आणि गावातच राहिलेला त्याचा लहानपणीचा मित्र आहे, बस. मोठा सेट नाही, पार्श्वसंगीत नाही. लोकांना वाटतं हे सोपं आहे. सोपं नाहीये, पण कमी पैशात होण्यासारखं नक्की आहे, फक्त गोष्ट लिहितानाच पैशाचा विचार केला तर. म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

१) आधी त्या दोघांची कामं लिहा, प्रेम नंतर

बहुतेक स्क्रिप्ट इथेच गंडतात. लेखक 'ते दोघे नदीकाठी बसलेत, एकमेकांकडे बघतायत' असे दहा सीन लिहितो. गावात दोन पुरुष नदीकाठी बसून एकमेकांकडे बघत नाहीत हो, त्यांच्या हाताला काहीतरी काम असतं. म्हणून कागदावर आधी हिरोच्या आठवड्याची कामं लिहून काढा. धारा काढणं, कडबा कापणं, फवारणी, डेअरीला दूध घालणं, सोसायटीतून खताची गोणी आणणं, मोटरचा फ्यूज घालणं, रात्रीचं दारं धरणं, म्हणजे पिकाला सरीसरीने पाणी देणं. मग त्यातली कुठली कामं दोघांनी मिळून करावी लागतात ते बघा. फवारणीचा भरलेला पंप पाठीवर चढवायला दुसरा माणूस लागतो, खोंड धरायला लागतो, बैलगाडीवर कडबा रचताना एक वर एक खाली लागतो. प्रेम तिथे आपोआप येतं, कारण हात लावायला कारण मिळतं आणि बघणाऱ्याला त्यात वावगं काही दिसत नाही.

एक उदाहरण देतो. समजा सीन असा आहे की शहरातून आलेल्या महेशला परत जायचं नाहीये आणि ते बंडूला सांगायचंय. पहिला ड्राफ्ट सगळ्यांचा असाच असतो, बंडू विचारतो "जाणार का परत?" आणि महेश म्हणतो "तुझ्याशिवाय तिकडं करमत नाही मला." झालं, सीन मेला. आता हाच सीन दारं धरताना घ्या. रात्रीची लाईट आलीये, मोटर चालू आहे, बंडू फावड्याने एका सरीचं दारं मोडून पाणी दुसऱ्या सरीत घेतोय, महेशच्या हातात बॅटरी आहे. उजेड पाण्यावर पाहिजे, पण तो बंडूच्या चिखलातल्या पायांवर आहे. बंडू वर न बघता म्हणतो, "उजेड पाण्यावर धर की." महेश बॅटरी पाण्यावर नेतो. थोड्या वेळाने उजेड परत पायांवर येतो. यावेळी बंडू काही बोलत नाही, फक्त फावडं जरा हळू चालतं. नंतर लाईट जाते, मोटर बंद पडते, एकदम शांतता होते आणि लाईट परत येईपर्यंत दोघांना बांधावर बसून राहावंच लागतं. यात प्रेमाबद्दल एक शब्द नाही आणि लाईटिंगचा खर्च एका बॅटरीचा आहे.

एक खबरदारी घ्या. ज्या गावात सोलर फीडरवर, म्हणजे सौरऊर्जेवर, शेतीची लाईट आता दिवसा मिळते तिथे हा सीन खोटा पडेल, गावातला प्रेक्षक लगेच हसेल. गाव नक्की करा, तिथली लाईटची पाळी विचारा, मग लिहा.

२) तिसरा माणूस लिहा

न बोललेल्याला वजन येतं ते आजूबाजूला ऐकणारं कोणी असल्यामुळे. दोघंच असतील तर बोलायला काय हरकत होती, हा प्रश्न प्रेक्षकाला पडतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या सीनमध्ये कोणीतरी ठेवा, ओसरीवर लसूण सोलणारी आई, मागे टीव्ही बघणारा चुलता, ट्रॅक्टरवरून हाक मारून जाणारा भावकीतला पोरगा. आईला बरंच काही कळत असतं आणि ती ते जेवण वाढताना दाखवते. "तुझ्या दोस्ताला बी बोलाव जेवायला" एवढं म्हटलं तरी पुरे.

लग्नाचा विषय टाळता येणार नाही, पण तो मुली बघायला जायच्या त्याच त्या सीनने नको. आज गावाकडची खरी परिस्थिती अशी आहे की शेती करणाऱ्या पोरांना मुलीच मिळत नाहीत. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सोलापुरात पोरांनी नवरदेवाच्या वेशात कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला होता, आठवत असेल. याचा तुमच्या गोष्टीला मोठा उपयोग आहे. तिशी ओलांडलेला बिनलग्नाचा शेतकरी गावात आता संशयाचा विषय राहिला नाही, कीव करायचा विषय झालाय. तुमच्या बंडूला त्या कीवेत लपता येतं आणि त्याचा त्याला रागही येऊ शकतो. हे मला तरी पडद्यावर फारसं दिसलेलं नाही.

काळ कुठला आहे तेही ठरवून टाका. समलैंगिक संबंध गुन्हा नाही असा ३७७ कलमाचा निकाल सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला दिला, त्यामुळे गोष्ट त्याआधीची असेल तर पोलिसाच्या धमकीचा अर्थ वेगळा होतो. समलैंगिक लग्नाची मान्यता कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ ला नाकारली. पण कायद्यावर भाषण नको, बांधावर कोणी कलमं बोलत नाही.

३) स्क्रिप्ट घड्याळ लावून मोजा

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब अशा फिल्मला चालत नाही. वरचा दाऱ्याचा सीन कागदावर अर्धं पान आहे आणि पडद्यावर चार मिनिटं. म्हणून मोबाईलचं स्टॉपवॉच लावून प्रत्येक सीन स्वतः करून बघा, फावडं मारायला लागतो तेवढा वेळ खरंच घ्या. ऐंशी पानांची स्क्रिप्ट अडीच तास भरली तर आत्ताच कापा, शूट करून एडिटला कापणं म्हणजे जेवणावळींवर घातलेले पैसे फेकून देणं.

स्क्रिप्ट पक्की झाली की स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन रजिस्टर करा, फी फार नसते. टायटलचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं, ते निर्मात्यांच्या संस्थेकडे होतं.

४) गाव, आणि गावाला काय सांगायचं

एकच गाव घ्या, सगळी लोकेशन चालत जाता येतील अशी. वस्तीवरचं घर गावठाणातल्या घरापेक्षा बरं, गर्दी होत नाही आणि गोठा, विहीर, रान सगळं लागूनच असतं. ग्रामपंचायतीचं पत्र घ्या, पोलीस पाटलाला भेटा, जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी कळवा. घरमालक आणि शेतमालकाशी साधा करार करा, मराठीत, किती दिवस, किती पैसे, काय मोडलं तर कोण भरणार. आणि शेतामागची टेकडी कोणाची आहे ते सातबाऱ्यावर बघा, बऱ्याचदा ती वनखात्याची निघते आणि तिथे परवानगी नसेल तर तुमचा क्लायमॅक्स अडकतो.

आता अवघड भाग. विषय काय आहे हे गावाला सांगायचं का? माझं स्पष्ट मत आहे की हो. 'दोन मित्रांची गोष्ट आहे' एवढं सांगून शूट उरकणारे बरेच आहेत आणि नंतर ट्रेलर आल्यावर ज्या माउलीने घर दिलं तिला भावकीत तोंड द्यावं लागतं, तुम्ही तोवर पुण्यात असता. अख्ख्या चावडीवर अनाउन्समेंट करायची गरज नाही. सरपंच, घरमालक, घरमालकीण आणि ज्यांचा चेहरा दिसणार आहे ते, एवढ्यांना बसवून साध्या भाषेत सांगा, "दोन पुरुषांच्या एकमेकांवरच्या प्रेमाची गोष्ट आहे, घाणेरडं काही दाखवणार नाही, पण प्रेम आहे." काही जण नाही म्हणतील, मग दुसरं घर शोधा. घरमालकिणीला वेगळं विचारा हे विसरू नका, होकार नवऱ्याने दिलेला असतो आणि चूल तिची बंद होणार असते.

गावातल्या कोणाला 'तू पण तसाच का' असं कुतूहलाने विचारायचं नाही. रिसर्चसाठी कोणी विश्वासाने स्वतःचं सांगितलं तर त्याची बोली, त्याची गाडी, त्याच्या घराचा रंग यातलं ओळखू येईल असं काहीही फिल्ममध्ये नको. गाव एवढ्याशा खुणेवरून माणूस ओळखतं.

५) हंगाम आणि पीक

शहरातून आलेल्या टीमला हे कळत नाही. शाळूच्या रानात सीन सुरू केला आणि मध्ये चार दिवस सुट्टी घेतली तर परत येईपर्यंत रान मोकळं झालेलं असतं. शेतकरी तुमच्या कंटिन्युइटीसाठी, म्हणजे सगळे शॉट सारखे दिसावेत म्हणून, काढणी थांबवणार नाही आणि थांबवूही नये. त्यावर उपाय म्हणजे दोन-चार गुंठ्यांचं उभं पीक धान्य आणि कडबा दोन्हीचा भाव धरून विकत घ्या आणि शूट संपल्यावर त्यालाच काढून न्यायला सांगा.

पावसाळा पडद्यावर सुंदर दिसतो पण पत्र्यावर पाऊस पडायला लागला की संवाद ऐकू येत नाही आणि रात्री रातकिडे एवढे असतात की साउंडवाला रडतो. उन्हाळ्यात लग्नसराईचे डीजे. ऊस पट्ट्यात कारखाने सुरू झाले की दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर गाणी लावून रात्रभर जातात. जानेवारी-फेब्रुवारी कोरडवाहू गावात सगळ्यात बरा, फक्त हरिनाम सप्ताह कधी आहे, यात्रा कधी आहे ते आधी विचारा.

जुन्नर, आंबेगाव, संगमनेरच्या उसाच्या भागात रात्री शूट करणार असाल तर बिबट्या हा विनोद नाही. एकट्यादुकट्याला कंदील आणायला पाठवायचं नाही, रात्रीची टीम एकत्र हलते, लोकल माणूस बरोबर असतोच.

६) नट

पुरुषोत्तम करंडक वगैरे एकांकिका स्पर्धांमधून तालुक्याच्या कॉलेजची पोरं येतात, त्यांच्यात चांगले नट मिळतात आणि बोली अंगातली असते. बोलीची खिचडी करू नका, खानदेशचा एक आणि कोल्हापूरचा दुसरा आणून एकाच आळीतले दाखवले तर घात होतो. एकाच पट्ट्यातले घ्या.

घ्यायच्या आधीच पूर्ण स्क्रिप्ट हातात द्या, इंटिमेट सीन काय आहेत ते लिहून द्या, घरी बोलून घे म्हणा. शूटच्या आदल्या दिवशी घरच्यांच्या दबावाने नट गेला की लो बजेट फिल्म तिथेच बसते.

मग शूटच्या आधी दोघांना गावात राहायला पाठवा. अभिनयाचं वर्कशॉप नको, धार काढायला शिकवा, फावडं द्या, उकिडवं बसून जेवायची सवय लागू द्या. शेतकऱ्याचे हात मेकअपने येत नाहीत. कपडे नवे शिवू नका, गावातल्यांना नवे शर्ट द्या आणि त्यांचे जुने घ्या, दोघेही खूश. गोष्टीत सुतक असेल आणि डोकं भादरायचं असेल तर तो सीन शेड्यूल ठरवतो, त्याच्या आधीचं सगळं आधी शूट करावं लागतं, विग लावलात तर क्लोजअपला कळतं.

७) जवळीक शूट करताना

चुंबन असो नाहीतर नुसता पाठीवरचा हात, नियम तेच. काय होणार ते आधी लिहून ठरलेलं, दोघांची लेखी संमती, कधीही थांब म्हणायचा हक्क, सेटवर गरजेपुरतीच माणसं, बाकी सगळ्यांचे मोबाईल बाहेर. परवडलं तर इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे असे सीन नटांना सुरक्षित वाटतील असे बसवून देणारा माणूस, एका दिवसासाठी तरी घ्या, नाहीच परवडला तर व्हिडिओ कॉलवर तालीम करून घ्या. त्या दिवसाचे रशेस, म्हणजे शूट केलेलं कच्चं फुटेज, एकाच माणसाकडे लॉक. गावात क्लिप फिरली तर नटाचं गावात राहणं मुश्किल होतं.

आणि खरं सांगू का, या प्रकारच्या गोष्टीत चुंबनापेक्षा हुरडा भारी पडतो. आगटीतून भाजलेलं कणीस काढायचं, तळहातावर चोळायचं, फुंकर मारून फोल उडवायचा आणि गरम दाणे दुसऱ्याच्या हातावर ओतायचे. तळहात भाजतो म्हणून तो हात मागे घेतो आणि परत पुढे करतो. क्लोजअप, एकच टेक, अॅक्टिंगची गरज नाही. अनेक जण इथे तंबाखू मळून देणं लिहितात, तेही खरं आहे गावात, पण तंबाखू दिसली की पडद्याच्या खाली वैधानिक इशारा येतो, शिवाय सुरुवातीला आणि मध्यंतराला आरोग्य संदेश लावावे लागतात. तुमच्या सगळ्यात नाजूक शॉटवर पांढरी अक्षरं पाहिजेत का ते बघा.

८) कॅमेरा थोडक्यात, साउंड सविस्तर

एक चांगला मिररलेस कॅमेरा, ३५ आणि ५० एमएमची लेन्स, भक्कम ट्रायपॉड. ड्रोन नको, प्रत्येक गावच्या फिल्ममध्ये तोच शॉट असतो. घरातले बल्ब तेच ठेवा पण आधी टेस्ट करा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, २४ फ्रेमला शूट करताना शटर १/५० सेकंद ठेवलं तर फ्लिकर, म्हणजे उजेडाची लपलप, बहुतेक जातो, तरी स्वस्त एलईडी बल्ब दगा देतात, ते बदलून टाका. खरी रात्र शक्यतो क्लोजमध्येच घ्या, वाईड शॉट दिवेलागणीच्या त्या वीस मिनिटांत उरकायचा. डेटाच्या दोन कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही, आणि दोन्ही हार्ड डिस्क एकाच बॅगेत नाहीत.

कॅमेऱ्यावर वाचवलेले पैसे साउंडवर घाला. न बोलणाऱ्या माणसांच्या फिल्ममध्ये प्रेक्षक ऐकत असतो, श्वास, गोठ्यातली साखळी, भाकरी थापल्याचा आवाज. लोकेशन साउंड रेकॉर्डिस्ट पगारावर घ्या, मित्राला रेकॉर्डर धरायला लावू नका. टेरिकॉटच्या शर्टाखाली कपड्यांना लावायचा लेपल माइक खसखसतो, तिथे दांड्यावरचा बूम माइकच. जनरेटर लागलाच तर लांब, भिंतीआड. प्रत्येक लोकेशनला सगळे गप्प उभे राहून मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करायची, सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी. दाऱ्याच्या सीनमध्ये मोटरचा आवाज वेगळा घ्या, संवादाच्या वेळी खरी मोटर बंद ठेवा, म्हणजे मोटर थांबते तो क्षण एडिटला तुमच्या हातात राहतो. पार्श्वसंगीत टाळायचं असेल तर हे सगळं दुप्पट लागतं, म्हणजे संगीत नाही म्हणून पैसे वाचले असं समजू नका.

टीम बारा-पंधराच्या वर नको. जेवण गावातल्या बचत गटाला द्या आणि पैसे रोजच्या रोज द्या. चांगलं जेवण मिळालेली टीम रात्री दोनला पाण्यात उभी राहते.

९) जनावरं आणि कागदपत्रं

शेळी, बैल, कोंबडी, कुत्रं, काहीही तुमच्या सीनमध्ये वापरणार असाल तर अॅनिमल वेल्फेअर बोर्डाकडे शूटच्या आधी अर्ज करावा लागतो आणि नंतर त्यांचं प्रमाणपत्र सेन्सॉरला लागतं. गावच्या फिल्मवाल्यांना हे एडिट झाल्यावर कळतं आणि मग महिने जातात. जनावराच्या आरोग्याचा डॉक्टरचा दाखला, मालकाची संमती, सगळ्याची फाइल पहिल्या दिवसापासून करा.

सेन्सॉरचा अर्ज ऑनलाइन होतो. २०२४ च्या नियमांनंतर यूए मध्ये (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या फिल्म) ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत. ए (फक्त प्रौढांसाठी) मिळालं तर थिएटरला चालतं पण टीव्हीवर तशी फिल्म दाखवता येत नाही, काटछाट करून यूएसाठी परत जावं लागतं. फिल्मला ए येऊ शकतं हे निर्मात्याला आधीच सांगा, हिशोब त्यावर करा. राज्य सरकारची दर्जेदार मराठी चित्रपटांसाठी अनुदान योजना आहे, गोरेगावच्या चित्रनगरीतून चालते, पण ते पैसे फिल्म झाल्यावर आणि परीक्षणानंतर येतात, तेव्हा त्या भरवशावर उसनवारी करू नका.

१०) एडिट, सबटायटल, फेस्टिव्हल

पहिला कट अशा दोन-तीन जणांना दाखवा ज्यांना गोष्ट माहीतच नाही, आणि कुठल्या मिनिटाला त्यांना कळलं एवढंच विचारा. पहिल्या पाच मिनिटांत कळलं तर फार सांगताय, शेवटपर्यंत नाहीच कळलं तर तेही वाईट. इंग्रजी सबटायटल बोली समजणाऱ्या माणसाकडून करून घ्या.

रफ कट असेल तर गोव्याच्या फिल्म बाजारातली वर्क-इन-प्रोग्रेस लॅब (अर्धवट फिल्मवर सल्ला मिळण्याची जागा) बघा, इफ्फी या आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हलच्या वेळेसच नोव्हेंबरमध्ये असते, निर्मातेही तिथे भेटतात. बाहेरचे मोठे फेस्टिव्हल प्रीमियर मागतात, म्हणजे आधी कुठेच न दाखवलेली फिल्म, म्हणून यूट्यूबवर टाकणं, कॉलेजात दाखवणं आधी नको. बर्लिन फेस्टिव्हलला क्विअर (समलैंगिक वगैरे) विषयांच्या फिल्मसाठी टेडी अवॉर्ड १९८७ पासून आहे, आपल्याकडे मुंबईचा कशिश हा क्विअर फिल्म फेस्टिव्हल २०१० पासून आहे, पुण्याचा पिफ फेस्टिव्हल आहे, केरळचा आयएफएफके फेस्टिव्हल आहे जिथे प्रेक्षक खरंच भरभरून येतात. एन्ट्री फी सगळीकडे भरत बसलात तर एका नटाचं मानधन जाईल, फेस्टिव्हलला मेल करून फी माफी मागा, बरेच देतात, लाजू नका. आणि पाच-सहाच निवडा.

थिएटरला शो मिळाले तर दुपारी बाराचे घेऊ नका, कमी स्क्रीन चालतील पण संध्याकाळ मागा. आणि रिलीजच्या आधी गावात दाखवा, म्हणजे पारावर पडदा लावून नव्हे, ज्यांनी घर दिलं, शेत दिलं, चेहरा दिला त्यांना तालुक्याच्या ठिकाणी एक खासगी शो ठेवून, गाडी करून न्या. कोणाला स्वतःचा एखादा शॉट नको वाटला तर तो काढायला तुमच्याकडे वेळ राहील अशी तारीख धरा, सेन्सॉरला पाठवायच्या आधीची.